जुनं पॅकेज निघताना

अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटरवरचं वहिनीचं लिखाण लाईट गेल्यामुळे गेलं नाही. ते मी पुसलं. मुद्दाम नाही पुसलं, पण पुसलं मीच. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि जिला सर्वात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

मी मुळातच कमी बोलतो असं घरात सगळे धरून चालतात. थोडं ते खरंही आहे. पण माणूस एखादी गोष्ट लपवायची म्हणून गप्प बसला की त्याला इतर बाबतीतही गप्प बसायची सवय लागते, आणि मग लोक त्यालाच स्वभाव म्हणायला लागतात.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. आई, भाऊ, वहिनी, त्यांची शाळेत जाणारी मुलगी आणि मी. लग्न होऊन वहिनी घरात आली तेव्हा मी नववीत होतो, त्यामुळे मी तिला अगं-तुगं करायचो आणि ती मात्र मला आजतागायत 'भाऊजी, तुम्ही' म्हणते. मी उल्हासनगरला एका सिंधी शेटच्या दुकानात कॉम्प्युटर जोडायचं काम करत होतो. सुटे भाग यायचे, ते जोडायचे, आत सॉफ्टवेअर भरायचं आणि गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन लावून द्यायचं. सॉफ्टवेअर अर्थातच चोरीचं असायचं. मग बाजारात धाडी पडायला लागल्या आणि एके दिवशी शेट गल्ल्यावरून म्हणाला, "सुन, ये चोरी वाला अब बंद. वो फुकट वाला सीख ले."

"कौनसा फुकट वाला?"

"मेरे को क्या मालूम बाबा. तू सीख, फिर मेरे को बता मैं क्या बेच रहा हूँ."

तो फुकटवाला म्हणजे लिनक्स. एका इंग्रजी मासिकाबरोबर सीडी आली होती, ती मी दुकानातल्या एका पडीक मशीनवर टाकली. सुरुवातीला आवाज यायचा नाही, प्रिंटर चालायचा नाही, मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे. शेट मागून येऊन बघायचा आणि म्हणायचा, "फुकट है ना, इसलिए मुँह फुला के बैठा है." पण मला त्याचा नाद लागला. या मशीनमध्ये कुठलीच खोली कुलूपबंद नव्हती. जे पटत नाही ते उघडून बदलता यायचं. आमच्यासारख्या पालिकेच्या शाळेत शिकलेल्याला, जिथे तिथे 'हात लावू नको' ऐकलेल्याला, याची किती नशा चढते हे मला आता शब्दांत सांगता येणार नाही.

लिनक्समध्ये नवीन काही घालायचं तर ते पॅकेजमधून घालतात. पॅकेज म्हणजे नीट बांधलेलं गाठोडं. आत वस्तू असतात आणि सोबत सूचना असतात. कुठली वस्तू मशीनमध्ये कुठे ठेवायची, गाठोडं सोडल्यावर काय करायचं, आणि पुढेमागे ते काढून टाकायची वेळ आली तर निघताना काय करायचं. आधी मी दुसऱ्यांनी बांधलेली गाठोडी वापरायचो. मग सायबर कॅफेतून माहितीचे कागद छापून आणले आणि डिक्शनरी घेऊन स्वतः बांधायला शिकलो. पहिलं पॅकेज फक्त मराठी फॉन्टचं होतं. ते सतरांदा मोडलं. एक मोकळी जागा चुकली की मशीन इंग्रजीत पानभर शिव्या घालायचं. शेवटी एकदा ते मुकाट्याने आत गेलं आणि पडद्यावरच्या चौकोनांची अक्षरं झाली, तेव्हा दुकानात ते दाखवायला कोणीच नव्हतं. घरी येऊन मी वहिनीला सांगितलं. तिला पॅकेज म्हणजे काय ते कळायचं कारण नव्हतं, पण तिने पोळी लाटायची थांबवून विचारलं, "म्हणजे आता त्यावर मराठी लिहिता येईल?"

तिने विचारलं त्याला कारण होतं. लग्नाआधी ती मराठी टायपिंगची परीक्षा पास झाली होती आणि वर्षभर कल्याणला एका वकिलाकडे कामाला जात होती. लग्नानंतर ते सुटलं. आमच्या विहाराला लागून एक अभ्यासिका आहे. तिथे एमआयडीसीतल्या एका कारखान्याने आपले जुने कॉम्प्युटर दिले होते. ते सुरू करून देण्याचं काम विहाराच्या समितीने मला सांगितलं, आणि टायपिंग येणारी वस्तीत एकटी वहिनीच होती म्हणून दुपारची चावी तिच्याकडे आली. चावी तिने पदराला बांधली. आई तिला चिडवायची, "तिजोरीची आहे का गं?"

मशीन सुरू झालं, पण पहिल्याच दिवशी ती हिरमुसली. लिनक्समध्ये मराठी बटणांची मांडणी वेगळी होती, टाइपरायटरसारखी नव्हती.

"भाऊजी, इथं क दाबला की दुसरंच येतंय. माझी बोटं इथली नाहीत."

म्हणून मी माझं दुसरं पॅकेज बांधलं, खास तिच्यासाठी. त्यात टाइपरायटरची मांडणी होती, मोठी अक्षरं होती, मराठी मेनू होता, नको ती चित्रं आणि खेळ काढून टाकलेले होते. तिला शोधाशोध करावी लागू नये म्हणून पॅकेजनेच मशीनवर एक फोल्डर तयार करायचा आणि तिने लिहिलेलं सगळं आपोआप त्यातच जायचं, अशी सोय केली. फोल्डरचं नाव 'लिखाण'.

आणि निघतानाच्या सूचनांमध्ये मी एक ओळ लिहिली: 'लिखाण' फोल्डर, आत असेल त्या सगळ्यासकट, पुसून टाक. मी वाचलेल्या कागदांत होतं की चांगलं पॅकेज निघताना आपला कचरा मागे ठेवत नाही. मला चांगलं पॅकेज बांधायचं होतं. ती ओळ लिहिली तेव्हा फोल्डर रिकामा होता.

वहिनी तिथे काय लिहील याचा मी विचारच केला नव्हता. अर्ज, पत्रिका, समितीचे ठराव, असं काहीतरी. पण अभ्यासिकेत पंखा होता, आणि दुपारी वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका पंख्याखाली येऊन बसायच्या. त्यातल्या एका आजीने, जी तरुणपणी काड्यापेटीच्या कारखान्यात होती, एकदा सहज विचारलं, "एवढा येळ टकटक करतीस, माझं नाव लिवशील का?" वहिनीने नाव लिहून दाखवलं. आजी म्हणाली, "नुसतं नाव काय करू, गाव पण लिव." गाव लिहिलं. मग गाव का सोडलं ते आलं. मग पाड्यावर पहिली झोपडी कोणाची, पाणी कुठून आणायचे, दीक्षेच्या वेळी देव्हाऱ्यातले देव कोणी कुठे नेऊन सोडले आणि कोणाच्या सासूने ते मागच्या दाराने परत आणले, असं सगळं. एकीचं बघून दुसरी आली. त्यांची आपसात भांडणं व्हायची.

"तिनं सांगितलेलं खरं नाय, बाई. विहीर माझ्या सासऱ्यानं खणली."

"सासऱ्यानं खणली, आन् पानी आमच्याच हद्दीत लागलं."

"दोघींचं लिहिते," वहिनी म्हणायची.

संध्याकाळी घरी आली की ती मला त्यातलं सांगायची. मी इतक्या वर्षांत तिला एवढं बोलताना पाहिलं नव्हतं. वर्षभर हे चाललं. समितीपर्यंत गोष्ट गेली आणि ठरलं की विहाराच्या वर्धापनदिनाला याचं छोटं पुस्तक काढायचं.

मधे एकदा तिने मला विचारलं होतं, "फ्लॉपीवर एक कॉपी काढून ठेवू का?"

मी म्हणालो, "काय गरज आहे? हे लिनक्स आहे. याला व्हायरस लागत नाही."

पुस्तकासाठी तिने पहिली पानं छापून बघितली तर पडद्यावर नीट दिसणारी जोडाक्षरं कागदावर फुटत होती. अर्धं अक्षर इकडे, अर्धं तिकडे. शिवाय प्रिंटर कागद खाऊन मधेच अडकला. मी म्हटलं, बघतो. फॉन्ट दुरुस्त केला, पॅकेजची नवी आवृत्ती बांधली, दुकानातल्या मशीनवर जुनं काढून नवं घातलं, छापून बघितलं. अक्षरं सुंदर आली. त्या मशीनवर 'लिखाण' रिकामाच होता.

दुकानाची सुट्टी आठवड्याच्या मधल्या वारी असायची; त्या दिवशी दुपारी मी सीडी घेऊन अभ्यासिकेत गेलो. तेव्हा लोडशेडिंग रोजचंच होतं, वेळही ठरलेली असायची. त्या दिवशीही लाईट जाऊन आली होती, आणि यूपीएसची बॅटरी कधीच बाद झाली होती, त्यामुळे मशीन एकदम बंद पडलं होतं. वहिनीने ते परत सुरू करून ठेवलं आणि मुलीला आणायला शाळेत गेली. मी एकटाच होतो. मी 'लिखाण' उघडला. सगळं जागेवर होतं. काड्यापेटीवाल्या आजीचं एक पान उघडून मी दोन-चार ओळी वाचल्यासुद्धा. मग ते बंद केलं आणि हुकूम दिला: जुन्यावर नवं चढव.

दुकानात मी आधी जुनं काढलं होतं आणि मग नवं घातलं होतं. इथे मी थेट नवं चढवलं. तेवढाच फरक.

वहिनी आली, मुलीचं दप्तर बाकावर ठेवलं, खुर्चीत बसली. थोडा वेळ शोधत राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, माझं लिखाण कुठंय?"

मी वाकून बघितलं. फोल्डरच नव्हता. दुसरीकडे शोधलं, सगळं मशीन शोधलं. का गेलं ते मला त्या क्षणी कळलं नव्हतं. पण अर्ध्या तासापूर्वी ते होतं आणि मधल्या वेळात या मशीनला माझ्याशिवाय कोणाचा हात लागला नव्हता, एवढं मला पक्कं माहीत होतं.

मी विचारलं, "मघाशी लाईट गेली तेव्हा मशीन चालू होतं का?"

खोटं असं मी काही बोललो नाही. एक प्रश्न विचारला. पुढे कितीतरी वर्षं मी या फरकावर उभा राहायचा प्रयत्न केला.

तिचा चेहरा उतरला. "चालू होतं," ती म्हणाली. "आजी बोलत होती... मला बंद करायला सुचलंच नाही. त्यानं झालं?"

"होतं तसं कधी कधी."

"सगळंच?"

"हार्ड डिस्क गेली असेल," मी म्हणालो. हे मात्र सरळ खोटं होतं.

मशीन मी खांद्यावर टाकून दुकानात नेलं. दुसऱ्या दिवशी माहितीचे कागद पुन्हा पहिल्यापासून वाचले आणि ज्या भागावरून मी आधी नुसती नजर फिरवली होती तिथे मला ते सापडलं. जुन्यावर नवं चढवताना मशीन आधी नवं आत घेतं, आणि सगळ्यात शेवटी जुन्याला बाहेर काढतं. म्हणजे नवं पॅकेज आत येऊन बसतं आणि मग जुनं निघता निघता आपल्या सूचना पाळतं. माझ्या जुन्या पॅकेजने माझी सूचना पाळली होती. 'खरंच कायमचं निघतोय की फक्त जागा देतोय' हे तपासणारी एक अट मी त्या ओळीच्या आधी घालायला हवी होती. शिकाऊ लोक ही चूक करतात, असं त्या कागदात चक्क लिहिलेलं होतं. ती ओळ वर्षभर त्या मशीनमध्ये बसून होती आणि तिच्याशेजारी वहिनी रोज दुपारी टाइप करत होती.

त्यानंतर मी जे केलं ते चुकीहून वाईट आहे. तीच सीडी मी आणखी दोघांना दिली होती. उल्हासनगरच्या एका पत्रिका छापणाऱ्याला आणि बदलापूरच्या एका टायपिंग क्लासला. त्याच आठवड्यात मी दोन्हीकडे गेलो, 'छोटंसं काम आहे' म्हणालो आणि त्यांच्या मशीनमधली ती ओळ काढली. पत्रिकावाल्याने चहा पाजला. म्हणाला, "न बुलाए आते हो, ऐसी सर्विस कौन देता है." म्हणजे दोष कुठे आहे हे मला नीट माहीत होतं आणि जिथे नुकसान व्हायचं होतं तिथे मी धावत गेलो. जिथे झालं होतं तिथे गेलो नाही.

समितीची बैठक झाली. मी मागे उभा होतो. सेक्रेटरी वयाने मोठे, रिटायर झालेले, वाईट माणूस नव्हे. पण सगळ्यांसमोर ते वहिनीला म्हणाले, "बाई, मशीन बंद करायची एक पद्धत असते. पंख्याचं बटण आहे का ते, दाबलं की झालं?" कोणीतरी हसलं. वहिनी म्हणाली, "चुकलं माझं." चावी कॉलेजच्या मुलांकडे द्यावी असं ठरलं. तिने पदराची गाठ तिथेच सोडायला घेतली, ती लवकर सुटेना, आणि सगळे वाट बघत बसले. मी तेव्हा दोन पावलं पुढे आलो असतो तर झालं असतं. भाऊसुद्धा तिथेच होता. घरी आल्यावर तो तिला म्हणाला, "कशाला पडली होतीस या भानगडीत."

वर्धापनदिनाला पुस्तक निघालं. त्यात देणगीदारांचे फोटो होते.

पण मला जे खरोखर झोप लागू देत नाही ते बैठकीचं नाही. चार-आठ दिवसांनी काड्यापेटीवाली आजी घरी आली. दारातूनच म्हणाली, "पुसलं व्हय गं सगळं? मग काय झालं. मी हाय की अजून. परत सांगते, लिव."

वहिनी म्हणाली, "नको आजी. माझ्या हातून परत जाईल."

"जाऊ दे गेलं तर. तिसऱ्यांदा सांगीन."

वहिनी उठून चहा ठेवायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. आजी मला म्हणाली, "तू सांग की रे तिला. तुला तर कळतं त्यातलं."

मी पायात चपला घातल्या आणि काम आहे म्हणून बाहेर पडलो. त्या वेळी मी खरं सांगितलं असतं तर वहिनी दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा लिहायला बसली असती. चार महिने लागले असते, सहा लागले असते, पण सगळ्या जणी जिवंत होत्या आणि सांगायला तयार होत्या. माझ्या चुकीने एक फोल्डर गेला. बाकीचं सगळं माझ्या गप्प बसण्याने गेलं. आजी पुढच्या थंडीत वारली, आणि मग एकेक करत इतर.

आणखी एक आहे. मशीन दुकानात होतं तेव्हा मी त्यावर काही शिल्लक सापडतं का ते शोधत होतो. पुसलेलं मिळालं नाही. पण प्रिंटरने कागद खाल्ला होता ना, ते अर्धवट राहिलेलं काम मशीनमधल्या प्रिंटरच्या रांगेत तसंच अडकून पडलं होतं. त्यात आजीचं सांगणं होतं, बरीच पानं. जोडाक्षरं फुटलेली, पण वाचता येतील अशी. मी ती दुकानातल्या प्रिंटरवर छापली. शेटने विचारलं, "ये क्या छाप रहा है इतना?" मी म्हणालो, "टेस्टिंग."

ती पानं मी घरी दिली नाहीत. हार्ड डिस्क गेली असं सांगून बसलो होतो. गेलेल्या डिस्कमधून पानं कशी आली, असं कोणी विचारलं तर काय सांगू, याची भीती वाटली. आज लिहिताना हे कारण किती हलकं वाटतं. तिने विचारलंच नसतं. तिने ती पानं छातीशी धरली असती आणि काहीच विचारलं नसतं. कदाचित मला त्याचीच जास्त भीती वाटली असेल.

दोन वर्षांनी ऐरोलीच्या एका कंपनीत मी मुलाखतीला गेलो. काम पॅकेज बांधण्याचंच होतं. समोरच्या माणसाने विचारलं, जुन्यावर नवं पॅकेज चढवताना कोणत्या सूचना कोणत्या क्रमाने चालतात? डिग्रीवाले बरेच जण तिथे अडकले होते म्हणे. मी क्रम सांगितला, त्यातला धोका सांगितला, अट कुठे घालायची ते फळ्यावर लिहून दाखवलं. तो खूश झाला. "कुठे शिकलात?" त्याने विचारलं.

"करता करता," मी म्हणालो.

त्या नोकरीवर माझं घर उभं राहिलं. आजही मी तेच काम करतो. हाताखालच्या नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात मी हीच चूक समजावून सांगतो. कोणाची होती ते सांगत नाही.

भाऊ आणि वहिनी आता बदलापूरला कात्रपमध्ये फ्लॅटमध्ये राहतात. मध्यंतरी पुतणीने लॅपटॉप घेतला. ती आता शिकवते त्या कॉलेजसाठी तिला काही मराठी मजकूर हवा होता, म्हणाली, "आई, तू टाइप करून दे ना, तुला येतं." मी समोरच बसलो होतो. वहिनी हसून म्हणाली, "नको गं. माझ्या हाताला मशीन लाभत नाही. तुझ्या काकांना विचार, त्यांना माहितीये." आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काही नव्हतं. संशय नव्हता, राग नव्हता. तिला खरंच तसं वाटतं. जवळजवळ वीस वर्षं ती असं धरून चालली आहे की पाड्यावरच्या त्या सगळ्या बायका तिच्या निष्काळजीपणामुळे पुसल्या गेल्या.

मी पुतणीचा मजकूर टाइप करून दिला आणि घरी आलो. त्यानंतर हे लिहायला घेतलं. हे लिहिणं म्हणजे तिला सांगणं नव्हे, हे मला कळतं. कागदाला सांगायला तोंड लागत नाही.

आजीची पानं माझ्या कपाटात आहेत. ती वहिनीची आहेत, मला ती कात्रपला नेऊन तिच्या हातात द्यायची आहेत. आणि तिच्या समोर बसून, भाऊ आणि पुतणी ऐकत असताना, सांगायचं आहे की तिने त्या दिवशी काहीही चुकवलं नव्हतं. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.